सुखडी की सुकडी?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जिथे अडखळलो तिथे वाक्यं थोडी सरळ केलीयत, बाकी तसंच ठेवलंय. मागच्या काही भागांत आपण लढाया आणि किल्ले फिरलो. आज कुठेही जायचं नाही. आज जालन्यातल्या आमच्याच स्वयंपाकघरात बसायचंय.

झालं असं, की गेल्या दिवाळीत मी आठवडाभर घरूनच काम करत होतो. दुपारी मीटिंगा संपल्या की स्वयंपाकाचा ताबा माझ्याकडे. पुण्यात फ्लॅटवर राहून राहून हात बसलाय. त्यामुळे एक दिवस इडली, एक दिवस पांढरा सॉस घातलेला पास्ता, एक दिवस गोबी मंचुरियन असा माझा कार्यक्रम चालू होता. आजी ओट्याशेजारी पाटावर बसून बघायची. तिसऱ्या दिवशी न राहवून म्हणाली, "कामून रे लेकरा, आपलं म्हणून काही बनवनार का नाही? भाकर-ठेचा काय वाईट हाय?"

मी इतिहासाचा पॉडकास्ट करतो, म्हणजे मला गप्प बसता येत नाही. मी म्हटलं, "आजी, तुला माहितीय का, या भागात ठेच्यापेक्षा इडली जुनी आहे." आजीनं माझ्याकडे असं बघितलं, की जणू बीटेकची फी वाया गेली.

पण खरंच तसं आहे. आधी त्याचा हिशोब देतो, मग मुख्य गोष्टीकडे येतो. कारण त्या दिवाळीत हा वाद मी जिंकलो, आणि दोनच दिवसांनी सपशेल हरलो.

ठेचा नवा, इडली जुनी

बाराव्या शतकात आपला हा सगळा मुलूख कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात होता. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण. आता ते कर्नाटकात बिदर जिल्ह्यात आहे, पण १९५६ पर्यंत ते आणि आपला मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होते. तिथला राजा तिसरा सोमेश्वर यानं ११३० च्या आसपास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. राजानं कसं जगावं याचा तो जणू विश्वकोश. हत्ती, शिकार, संगीत, दागिने, आणि एक अख्खं प्रकरण जेवणावर. त्यात मांडे आहेत, 'धोसक' आहे, आणि 'इड्डरिका' आहे. ही इड्डरिका उडदाच्या पिठाची. तांदूळ त्यात नाही, म्हणजे आजची मऊ इडली ती नव्हे, पण इडलीची पूर्वज नक्की.

आता मिरचीकडे बघा. मिरची मूळची अमेरिका खंडातली. वास्को द गामा कालिकतला पोचला १४९८ मध्ये, आणि त्यानंतर पोर्तुगीज जहाजांमधून मिरची भारतात आली. म्हणजे सोमेश्वराच्या स्वयंपाकघरात मिरी होती, आलं होतं, हिंग होता, पण मिरची नव्हती. आपल्या भाषेतच याचा पुरावा आहे. नवीन तिखट वस्तू आली, तेव्हा जुन्या 'मिरी'वरूनच तिचं नाव 'मिरची' पडलं. पाहुण्याला घरातल्याच माणसाचं नाव द्यावं तसं.

शेंगदाणाही अमेरिकेतलाच. लसूण मध्य आशियाकडचा. आणि ज्वारी? ती आफ्रिकेतली. हजारो वर्षांपूर्वी आली आणि दख्खनच्या काळ्या मातीत अशी रुजली, की तिला परकी म्हणायची कुणाची हिंमत होणार नाही. म्हणजे आजीच्या भाकर-ठेच्याला गिट ब्लेम मारला, की कुठली ओळ कुणी लिहिली ते बघायचं म्हटलं, तर भाकरी आफ्रिकेची, मिरची आणि दाणे अमेरिकेचे, लसूण मध्य आशियाचा. मीठ तेवढं जवळचं.

उपवासाचं ताट तर याहून मजेशीर. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेचा. बटाटा तिथलाच, शेंगदाणा तिथलाच, हिरवी मिरची तिथलीच. एकादशीची खिचडी म्हणजे जवळजवळ अख्खी अमेरिका. आपल्याकडचं जुनं म्हणावं असं त्यात भगर. म्हणून तर भगर आणि दाण्याची आमटी हा मला नव्या-जुन्याचा सगळ्यात छान संसार वाटतो.

आणि गोबी मंचुरियन? त्याचा मंचुरियाशी नावापुरताच संबंध. मंचुरियन हा पदार्थ १९७० च्या दशकात मुंबईत नेल्सन वांग या कोलकात्यात वाढलेल्या चिनी वंशाच्या आचाऱ्यानं पहिल्यांदा केला, असं सांगितलं जातं. म्हणजे तो आमच्या आईच्या वयाचा आणि मुंबईचाच.

गोडाच्या ताटात फारसी

आता फराळाचं ताट घ्या. शंकरपाळी हे नाव 'शक्करपारा'वरून आलंय. बर्फी हे 'बर्फ'वरून, म्हणजे फारसीतून. गुलाबजाममधला गुलाब फारसी. हलवा आणि जिलेबी अरबीपर्यंत मागे जातात. लक्ष्मीपूजनाला देवीसमोर आपण ज्या वस्तू मांडतो, त्यातल्या निम्म्यांची नावं समुद्रापलीकडची आहेत. देवीनं आजवर तक्रार केलेली नाही.

आणि मराठवाड्यात तर हे अगदी रोजच्या जगण्यात आहे. १७२४ पासून आसफजाही आणि १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात विलीन होईपर्यंत निजामाचं राज्य, म्हणजे सव्वादोनशे वर्षं. आमच्याकडे लग्नाच्या जेवणात दालचा असतो, चिंचेच्या आंबटपणाचा, हरभरा डाळ आणि दुधी घातलेला. मूळ दालच्यात मटण. औरंगाबादकडचा नान-खलिया तर तुघलकानं १३२७ ला राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा सैन्याबरोबर आला, अशी गोष्ट तिकडे सांगतात. ईदला शेजारून शिरखुर्म्याचं पातेलं येतं, ते धुऊन परत देताना आई त्यात करंज्या घालते, कारण भांडं रिकामं परत द्यायचं नसतं. या नियमाला धर्म नाही.

जालना हे बाजारपेठेचं गाव. 'जालना सोने का पालना' ही म्हण तुम्ही ऐकली असेलच. १९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे इथून गेली आणि कापसाचा, धान्याचा व्यापार वाढला. मारवाडी आणि गुजराती व्यापारी त्याच्याही आधीपासून इथे होते. त्यांच्या घरची डाळ-बाटी आमच्या घरी आली ती शेजारातूनच. आणि त्याही आधी बंजारे. २३ सप्टेंबर १८०३ ला आपल्याच जिल्ह्यात असईची लढाई झाली, तेव्हा वेलस्लीच्या फौजेला धान्य पुरवायचं काम बैलांचे तांडे घेऊन फिरणारे बंजारे करत होते. तोफा कितीही असल्या, तरी गोणी पोचली नाही तर फौज उभी राहत नाही.

इथपर्यंत आजी ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बरं बाप्पा, समदंच बाहेरचं. मंग आपलं काय?"

मी जिंकल्याच्या आनंदात होतो. उत्तर द्यायचं राहून गेलं.

सुखडी

दोन दिवसांनी मी एक गुजराती गोड पदार्थ केला. पुण्यातल्या माझ्या रूममेटच्या आईची कृती. अगदी सोपी: तुपात गव्हाचं पीठ खमंग भाजायचं, गॅस बंद करून त्यात चिरलेला गूळ घालायचा, ताटात थापायचं, वड्या पाडायच्या. तीन वस्तू, वीस मिनिटं. घरभर वास सुटला. मी वाटी आजीसमोर ठेवली आणि म्हटलं, "घे आजी, सुखडी."

आजीचा हात थांबला. "काय म्हनला?"

"सुखडी. गुजराती आहे."

तिनं वाटी बाजूला सारली. "नगं." आणि उठून अंगणात गेली.

मला वाटलं, गूळ जास्त झाला. आईनं हळूच सांगितलं, "अरे, सुकडी म्हणजे बहात्तरची. तिला ते नाव सहन होत नाही."

संध्याकाळी आजी आपणहून बोलली. मी मोबाइलवर रेकॉर्ड करू का विचारलं, तिनं मान हलवली. तिच्या परवानगीनं सांगतोय.

बहात्तर

आधी थोडी पार्श्वभूमी. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला. त्याआधी हा भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता. आजीचं सासर अंबड तालुक्यातलं. तिचं नुकतंच लग्न झालेलं, वय अठरा-एकोणीस.

महाराष्ट्रात पाऊस आधीपासूनच हुलकावणी देत होता, १९७२ ला मात्र तो जवळजवळ आलाच नाही. खरीप गेलं, मागोमाग रब्बी गेलं. सरकारनं ठिकठिकाणी दुष्काळी कामं काढली. खडी फोडणं, रस्ते, बांधबंदिस्ती, पाझर तलाव. मे १९७३ मध्ये राज्यभर या कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. आज आपण ज्या पाझर तलावाशेजारून बाइकवर जातो, तो बऱ्याचदा त्या हातांनी खणलेला असतो. यातूनच पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली. तिच्यामागे वि. स. पागे यांचा विचार होता, १९७७ ला राज्यानं तिचा कायदा केला, आणि २००५ ला देशाचा रोजगार हमी कायदा आला तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता. एवढा मोठा दुष्काळ पडूनही माणसं मोठ्या संख्येनं मेली नाहीत, यात या कामांचा वाटा फार मोठा. हे विसरता कामा नये.

पण जगवलं कशानं? दोन गोष्टींनी. एक मिलो. ही अमेरिकेतून आयात केलेली लाल ज्वारी, रेशनवर मिळायची. आजी म्हणते, भाकरी थापायला घेतली की कडा फुटायच्या, तव्यावर टाकताना तुटायची, आणि रंग असा लाल, की ताटात बघवायचं नाही. अमेरिकेत हे धान्य मुख्यतः जनावरांना घालतात, ही बातमी गावात धान्याच्याही आधी पोचली होती. ते खरंही होतं. "पोटात जायचं, पन मान खाली घालून," आजी म्हणाली.

दुसरी गोष्ट सुकडी. कामावर वाटली जायची. भरडं, कोरडं, गोडसर असं पौष्टिक पीठ. ओंजळीत किंवा पदरात घ्यायचं. पुढे बरीच वर्षं शाळांमध्ये, अंगणवाड्यांमध्येही ती मिळायची, त्यामुळे आपल्या आईवडिलांच्या पिढीतल्या कित्येकांना ती चक्क आवडीनं आठवते. पण आजीची सुकडी शाळेतली नव्हती.

तिचं ऐकताना मला आपल्या जेवणाचा एक साधा नियम पहिल्यांदा कळला. तिच्या लहानपणी रोजचं खाणं तिखट आणि ज्वारीचं: भाकरी, पिठलं, चटणी, कधी कालवण. गोड खाणं गव्हाचं, आणि ते सणाला किंवा जावई आला तर. पुरणपोळी होळीला, पोळ्याला. गव्हाची चपाती हीच मुळात पाहुण्याची गोष्ट होती. गहू, गूळ आणि तूप एकत्र आलं म्हणजे घरात काहीतरी चांगलं घडलंय, असं पोरांना वासावरून कळायचं.

दुष्काळानं हा नियमच उलटा केला. आजीचं वाक्य जसंच्या तसं देतो: "सन नाही, सूद नाही, आन् रोज गोड खायचं. तव्हा कळलं, गोडाची बी शिसारी येती."

आपल्या वाट्याची सुकडी ती निम्मी कामावर खायची आणि निम्मी पदराला बांधून घरी आणायची. सासूला दात नव्हते. पाण्यात कालवून, उकळून तिला द्यायची. सासू रोज विचारायची, "आज कोनता सन हाय गं?" पहिल्यांदा हे ऐकून दोघी हसल्या. नंतर नंतर आजीला त्याचं उत्तर देणं जड जायला लागलं.

तीन धान्यांचा हिशोब

त्या रात्री मी माझे सगळे जिंकलेले मुद्दे परत काढून बघितले. मिरची अमेरिकेतून आली, मिलोही अमेरिकेतून आली. मिरचीला आपण देव्हाऱ्यापर्यंत नेलं, दारात लिंबाबरोबर टांगलं. मिलोचं नाव काढलं तरी आजी तोंड फिरवते. मग 'बाहेरचं' म्हणजे नेमकं काय?

मला वाटतं, पदार्थ कुठून आला यानं तो आपला किंवा परका ठरत नाही. तो आपण निवडला, की रांगेत उभं करून आपल्या पदरात टाकला गेला, यानं ठरतं. मिरची कुणी लादली नाही. बाईनं परसात लावली, चव घेतली, पुढच्या वर्षासाठी बी ठेवलं. मिलो उपकारासारखी आली, तिचं बी कुणी ठेवलं नाही.

आणि या दोघींच्या मधलं एक तिसरं धान्य आहे, ते तर खास जालन्याचं. हायब्रीड. भारतातली पहिली संकरित ज्वारी सी.एस.एच.-१ आली १९६४ मध्ये. त्याच वर्षी बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको सुरू केली. आज जालना बियाण्यांची राजधानी म्हणून ओळखला जातो त्याची सुरुवात तिथे आहे, आणि बारवाल्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संकरित ज्वारीनं खरिपाचं उत्पन्न वाढवलं. दुष्काळानंतर ज्यांच्या कणगी रिकाम्या होत्या, त्यांच्यासाठी ही लहान गोष्ट नव्हती.

पण बायकांची तक्रार होतीच. हायब्रीडच्या भाकरीला शाळूची गोडी नाही, काढणीच्या वेळी पाऊस लागला तर दाणा काळा पडतो. रब्बीची मालदांडी ती मालदांडीच. आमच्याकडे 'हायब्रीड' हा शब्द माणसाला शिवी म्हणूनही वापरतात: दिसायला टपोरा, आतून भुसा. तरी लोकांनी ती पेरली, कारण पोट भरायचं होतं. आजी म्हणते, "चव नव्हती, पन आपल्या रानातली व्हती." मिलो आणि हायब्रीडमधला सगळा फरक तिनं एका वाक्यात सांगितला.

पुढचं तुम्ही-आम्ही बघितलंय. रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त मिळायला लागला आणि पाहुण्याची चपाती रोजची झाली. ज्वारी राखायची म्हणजे पाखरांमागे धावायचं, काढणीला मजूर मिळत नाहीत, भाव बेताचा. २००२ ला बीटी कापसाला परवानगी मिळाली, सोयाबीन पसरलं, आणि खरिपातली ज्वारी रानातून जवळजवळ उठूनच गेली. बियाण्यांच्या गावाभोवतीच भाकरीचं रान कमी होत गेलं. दोष कुणा एकाचा नाही. शेतकऱ्यानं हिशोब केला आणि हिशोब बरोबरच होता.

मग आला २०१२-१३ चा दुष्काळ. जालना सगळ्यात जास्त होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक. मी तेव्हा शाळेत होतो, टँकरमागे हंडे घेऊन धावल्याचं मला आठवतं. मोसंबीच्या बागा वाळल्या, लोकांनी झाडं तोडून सरपण केलं. ही मोसंबीही बाहेरचीच, तिचं नाव मोझांबिकवरून पडलं असं मानतात. पण २०१६ ला जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं. जिच्यासाठी माणूस रडतो, ती बाहेरची कशी म्हणायची? तेव्हा म्हातारी माणसं एकच गोष्ट सांगायची: बहात्तरला पाणी होतं पण धान्य नव्हतं, आता दुकानात धान्य आहे पण प्यायला पाणी नाही.

आणि २०२३ हे जगानं भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं. आता पुण्यात ज्वारीची भाकरी 'हेल्दी' म्हणून मेनूकार्डावर वेगळ्या पानावर असते, आणि सुखडी रीलमध्ये 'तीन घटकांची एनर्जी बार' म्हणून फिरते. त्यात चूक काहीच नाही. फक्त त्या ताटामागे कोण कधी मान खाली घालून जेवलं होतं, एवढं माहीत असावं.

शेवटचं

त्या सुखडीचं काय झालं? निम्मी आम्ही खाल्ली, निम्मी डब्यात राहिली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर आजीनं स्वतःच डबा उघडला. एक वडी हातात घेऊन वास घेतला, कोपरा तोडला, खूप वेळ चावत बसली. मग म्हणाली, "ह्यात तूप हाय. त्याच्यात नव्हतं." बाकीची वडी तिनं तशीच परत ठेवली आणि मला सांगितलं, "पुन्यात करशील तर करत जा. नाव दुसरं ठिव."

आम्ही अजून नाव ठरवलेलं नाही.

तर मंडळी, या भागाचा गृहपाठ. घरी आजी-आजोबा असतील, तर त्यांना रेसिपी विचारू नका, ती यूट्यूबवर मिळेल. त्यांना विचारा, बहात्तरला तुम्ही काय खाल्लं? आणि कुठला पदार्थ तुम्ही आजही तोंडात घालत नाही? मोबाइल चालू ठेवा, मधे बोलू नका. मी बोललो होतो, म्हणून सांगतोय.

भेटू पुढच्या भागात. जेवून घ्या.